कंटेनर 'उठवणे', 'थांबवणे', 'पाडणे' : कधी काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे हिंजवडीत कॉलेजातून नवीन मुलं येतात, बरीचशी नगर-सातारा-बार्शीकडची, त्यांच्यासाठी वेब ॲप आपल्या लॅपटॉपवर डॉकरमधे (ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) कसं चालू करायचं याची टिपणं मराठीत लिहायला घेतलीयेत. इमेजला प्रतिमा, व्हॉल्यूमला (कंटेनरबाहेर डेटा साठवायची जागा) खंड असं लिहिलं तर कुणाला कळेना. आणि बोलताना आपण कंटेनर उठवला, पाडला म्हणतो, ते लिहिताना चालेल का?

---

ताई, बिनधास्त लिहा. माझं मत विचाराल तर नावं आहेत तशी राहू देत, इमेज, कंटेनर, व्हॉल्यूम, पोर्ट (ॲपशी बोलायचं क्रमांकाचं दार), मुलांना पुढे एरर मेसेजमधे तेच शब्द दिसणारेत. क्रियापदं मात्र मराठीच हवीत आणि ती तोलून मापून वापरायला हवीत, कारण सगळी गडबड तिथेच होते.

प्रतिमा तर नकोच. मराठीत प्रतिमा म्हणजे घडून तयार झालेली मूर्ती किंवा तसबीर, आणि इथे इमेज ही घडवायच्या आधीची गोष्ट आहे. समजवायचंच असेल तर साचा म्हणा. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून पाहिजे तेवढे गणपती निघतात तसे एका इमेजवरून पाहिजे तेवढे कंटेनर निघतात, आणि साचा बदलला म्हणून आधी काढलेल्या मूर्ती बदलत नाहीत. नवीन मुलं नेमकी इथे अडकतात, इमेज परत बिल्ड करतात आणि जुनाच कंटेनर चालू ठेवून विचारतात की बदल का दिसत नाही. कंटेनर नव्याने काढावा लागतो.

आता पाडणे. ऑफिसात आपण सगळ्यालाच 'पाडला' म्हणतो पण कंपोजमधे, म्हणजे अनेक कंटेनर एका फाइलवरून एकत्र चालवायच्या डॉकरच्या साधनात, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॉप म्हणजे थांबवणे, कंटेनर जागेवर राहतो, आत लिहिलेल्या फायली पण राहतात, स्टार्ट म्हटलं की तोच परत चालतो. डाऊन म्हणजे मोडणे, कंटेनर आणि त्यांचं नेटवर्क दोन्ही जातं, नाव दिलेला व्हॉल्यूम मात्र शाबूत राहतो. आणि डाऊनला डॅश व्ही (-v) लावलं की व्हॉल्यूमसकट पुसणे, म्हणजे डेटाबेसमधे भरलेला सगळा टेस्ट डेटा गेला. सीनियर माणूस घाईत 'पाड रे ते' म्हणतो आणि नवीन मुलगा नेटवर सापडलेली डॅश व्हीवाली कमांड मारतो. म्हणून टिपणात थांबवा, मोडा, पुसा असे तीन शब्द ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा, एकाऐवजी दुसरा येऊ देऊ नका.

उठणे छान शब्द आहे, फक्त 'उठला' आणि 'तयार झाला' यात फरक करा. कंपोज फाइलमधलं डिपेंड्स-ऑन (आधी कोणता कंटेनर उठायला हवा ते सांगणारी नोंद) नुसतं लिहिलं तर ते एवढंच बघतं की डेटाबेसचा कंटेनर उठला का. पोस्टग्रेससारखा डेटाबेस उठल्यावर कनेक्शन घ्यायला थोडा वेळ लागतो, तोवर ॲप येऊन दार वाजवतं आणि कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणून मरतं. तिथे हेल्थचेक (कंटेनर खरंच तयार आहे का ते बघणारी तपासणी) लिहून 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घालायची, म्हणजे तयार होईपर्यंत ॲप थांबतं.

---

यात लोकलहोस्टचं पण लिहा. त्याचा अर्थ 'इथे', आणि 'इथे' म्हणजे कुठे ते बोलणारा कुठे उभाय त्यावर ठरतं. ॲप स्वतः कंटेनरमधे असताना लोकलहोस्ट 5432 (पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट) म्हणालं तर ते स्वतःच्याच कंटेनरमधे डेटाबेस शोधतं, तिथे काही नसतं. कंपोज फाइलमधे सर्व्हिसला जे नाव दिलंय, समजा डीबी, त्या नावाने हाक मारायची. आणि 8080:80 असं लिहिलं की डावीकडचा आपल्या लॅपटॉपचा पोर्ट, उजवीकडचा कंटेनरचा. ॲप आत फक्त 127.0.0.1 वर, म्हणजे लोकलहोस्टवर, ऐकत असेल तर पोर्ट जोडूनही ब्राउझरमधे काही येत नाही, 0.0.0.0 वर, म्हणजे सगळीकडून, ऐकायला लावा.

---

दोघांचेही आभार, थांबवा-मोडा-पुसा आजच घालते. अजून एक, माउंट करणे याला काय म्हणू? 'चढवणे' लिहिलं होतं.

---

चढवणे नको ताई, 'जोडणे' म्हणा. आपला कोडचा फोल्डर कंटेनरच्या फोल्डरला जोडला, इकडे फाइल सेव्ह केली की तिकडे दिसते. पण जोडलं की त्या जागी आधी जे होतं ते झाकलं जातं, हा 'झाकणे' शब्द आवर्जून घाला. इमेज बिल्ड होताना आत नोड मॉड्यूल्स (ॲपला लागणाऱ्या पॅकेजेसचा फोल्डर) इन्स्टॉल झालेले असतात, वरून आपला फोल्डर जोडला की ते दिसेनासे होतात आणि मॉड्यूल सापडत नाही असा एरर येतो. मुलं म्हणतात पॅकेजेस उडाली. उडालेली नसतात, झाकलेली असतात, नोड मॉड्यूल्सच्या जागी वेगळा व्हॉल्यूम जोडला की काम होतं.