मदत हवी आहे : गरोदरपणात कांजिण्यांचा संपर्क

मला 14वा आठवडा चालू आहे. रविवारी जाऊबाईंचा धाकटा दिवसभर माझ्या मांडीवर लोळत होता आणि सोमवारी त्याच्या अंगावर कांजिण्या! पुरळ उठायच्या 1-2 दिवस आधीपासूनच लागण होते, म्हणजे संपर्क झालाच. मला लहानपणी येऊन गेल्यात का? आई म्हणते, "आलं होतं काहीतरी, गोवर की कांजिण्या, आठवत नाही बाई." लस आता घेता येत नाही. डॉक्टरांनी रक्तात व्हॅरिसेला आयजीजी (कांजिण्यांविरुद्धच्या अँटीबॉडीज) आहेत का ते तपासायला सांगितलंय. प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कापासून 10 दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन. आज चौथा दिवस. पुण्यात हा रिपोर्ट किती दिवसांत येतो? इंजेक्शन कुणी घेतलंय का, मिळायला त्रास झाला का? सासूबाईंनी दाराला कडुनिंब टांगलाय, तो असू दे.