उन्हाळी शिबिरात एअर रायफल: भीती घालायची की शिस्त लावायची?

बोअर१७७: 'शिबिरात मुलांच्या हातात हत्यार देणाऱ्यांना लाज वाटायला हवी, मुलांना बंदुकीची फक्त भीती हवी' अशी पोस्ट परवा इथे आली. मला ती मुळीच पटली नाही. नुसती भीती घातलेलं मूल मोठ्यांसमोर बंदुकीपासून लांब राहतं आणि मोठ्यांची पाठ वळली की आधी तीच उचलतं. चांगल्या रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) पहिल्या दिवशी नेम शिकवतच नाहीत. नळी कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या (खटक्याभोवतीच्या कड्याच्या) बाहेर. 'स्टॉप' ऐकू आलं की छर्रा न मारता रायफल खाली, मागची बाजू उघडी आणि नळीतून आरपार भडक रंगाची सेफ्टी दोरी. दोरीचं टोक नळीच्या तोंडातून बाहेर दिसलं की लांबूनही कळतं, आत छर्रा नाही. कुणी रेषेपुढे गेलं असेल तर रायफलीला हातसुद्धा लावायचा नाही.

माळावरचा: रेंजचं ठीक आहे हो. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं, कौतुक आहेच. पण क्लास संपल्यावर पालक घरी स्प्रिंगची एअर गन आणतात त्याचं काय? .१७७ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात) आणि २० जूलपर्यंत (छर्र्याची ऊर्जा) लायसन्स लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल ८ जूलच्या आसपास. म्हणजे घरातली गन दुपटीहून जोरदार असू शकते, आणि तिथे ना दोरी, ना रेंज ऑफिसर. भरताना बिजागरीवर खाली वाकवलेली नळी दुसऱ्या हातानं धरून ठेवली नाही आणि खटका सुटला, तर बोटं चेचतात. विटेवर, लोखंडी खांबावर मारलेला छर्रा उलटा डोळ्याकडे येतो. ही शिस्त दहा वर्षांचं पोर गच्चीवर पाळणार?

दिवाळीत_जागा: तुम्ही दोघंही रायफलीत अडकलात. खरी बंदूक मूल कधीमधी बघतं, टिकल्यांचं पिस्तूल दर दिवाळीला भावाच्या तोंडावर रोखतं आणि घरचे हसतात. तिथेच सवय बिघडते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गननं मुलांचे डोळे गेले, त्यावर इथे एक धागा नाही!

बोअर१७७: टिकल्यांचं पिस्तूल आणि कार्बाइड गन एका माळेत ओवू नका. एकात चिमूटभर दारू, दुसऱ्यात पाइपभर ॲसिटिलीन (कार्बाइडवर पाणी पडलं की निघणारा, पेट घेणारा गॅस).

दिवाळीत_जागा: मग नीट ऐका, कारण 'नळी कायम टार्गेटकडे' हा तुमचाच नियम तिथे मोडतो. पीव्हीसी पाइपमध्ये कार्बाइडचे खडे (हो, आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच), वर पाणी, मागे लायटर. हवा-गॅसचं प्रमाण जमलं नाही की ठिणगी पडूनही बार होत नाही. मूल काय झालं म्हणून तोंडाशी डोळा नेतं. तेवढ्यात हवा आत शिरते, पुन्हा खटका दाबला की स्फोट. ज्वाळेबरोबर कार्बाइडचा उरलेला चुना डोळ्यात जातो आणि धुतला नाही तर बुबुळ जाळत राहतो. अशा वेळी चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि थेट नेत्ररुग्णालय गाठायचं. 'वाजलं नाही तरी भरलेलीच समज' हे वाक्य किती घरांत सांगितलं जातं?

माळावरचा: शेतात माकडं हाकलायला हीच नळी लावतात आणि पोरं शेजारी उभी असतात. त्यांना कोण शिकवणार, तुमचा शिबिरवाला?

बोअर१७७: शिबिरवालाच शिकवू शकतो, कारण न उडालेल्या बंदुकीची नळी पुढेच धरून थांबायचं हे तो पहिल्या तासाला घोकून घेतो. घरच्या स्प्रिंग गनचं मात्र मान्य करावं लागतंय. बहुतेक अशा वाकत्या नळीच्या गन एकदा ताणल्या की जाड, मऊ आडोशावर छर्रा मारूनच रिकाम्या करायच्या असतात. छर्रा न घालता खटका दाबला तर पिस्टन आदळून सील फाटू शकतं. हे दुकानदार सांगत नाही आणि पालक विचारत नाहीत. तेव्हा गन कुलुपात, छर्रे वेगळ्या कपाटात, किल्ली मोठ्यांकडे. एवढं जमत नसेल त्यांनी घरी आणू नये.

माळावरचा: हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. आणि छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, तेही घाला.