मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि प्रयोग कशासाठी?

द्वितीय वर्ष कला:
बारावीनंतर घरच्यांचा विरोध असतानाही मी मानसशास्त्र निवडले. माझ्या मावशीला अनेक वर्षे नैराश्याचा त्रास होता आणि तिच्याशी कसे बोलावे हे घरात कोणालाच कळत नव्हते, हे त्यामागचे कारण. प्रत्यक्षात या वर्षी सगळा वेळ प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप), सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात याचे माप) आणि प्रयोगांची जर्नल लिहिण्यात जातो आहे. माणसाचे दुःख समजून घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला रेषांची लांबी का मोजायला लावतात? पदवीनंतर समुपदेशन करता येते का, हेही कृपया सांगावे. मैत्रिणी आत्ताच त्यांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात.

निवृत्त प्राध्यापिका:
तुम्ही म्हणता तो म्युलर-लायर भ्रमाचा, म्हणजे टोकांना बाणासारखे फाटे असलेल्या दोन रेषांच्या लांबीचा, प्रयोग असावा. हा भ्रम १८८९ पासून ज्ञात आहे. दोन्ही रेषा सारख्याच लांबीच्या आहेत हे प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला, आधी सांगितले, तरी टोकांचे फाटे बाहेर उघडणारी रेषा त्याला लांबच दिसते आणि दोन्ही रेषा सारख्या करण्यासाठी दिलेली सरकती पट्टी तो काही मिलिमीटर चुकीच्या जागी थांबवतो. पट्टी एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत सरकवायला सांगतात, कारण सुरुवात कुठून झाली याचाही उत्तरावर परिणाम होतो. आपल्याला खात्रीने वाटते ते खरे असतेच असे नाही, हे स्वतःच्या नोंदींतून पाहिलेला विद्यार्थी पुढे समोरच्या माणसाबद्दल घाईने मत बनवत नाही. माझ्या मते तीन वर्षांत शिकण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

आता तुमच्या मावशींचे उदाहरण घ्या. नैराश्याच्या चाचणीत मिळालेल्या गुणांना एकटे धरून अर्थ नसतो. मोठ्या गटाचे मध्यमान (सरासरी) आणि प्रमाण विचलन ठाऊक असेल तेव्हाच ते गुण किती वेगळे आहेत हे कळते. उपचारानंतर बरे वाटले, तर ते उपचारामुळे की केवळ काळ गेल्यामुळे, हे ठरवायलाही तुलनेचा गट आणि संख्याशास्त्र लागते. म्हणून ही आकडेमोड मावशींच्या दुःखापासून दूर नेणारी नाही.

चिकित्सा मानसतज्ज्ञ:
केवळ बी. ए. च्या आधारे उपचार करता येत नाहीत. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करण्यासाठी त्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. पदव्युत्तर शिक्षणानंतर देखरेखीखाली दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण, असा हा मार्ग वर्षानुवर्षे चालत आला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात बदल होत असल्याने प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. संस्थाचालकांच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. तसे विसंबून दोन वर्षे गमावलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

मैत्रिणींचे म्हणणे जरूर ऐका, पण त्यांना आजाराचे नाव देऊ नका. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलली, तर तिला एकटी सोडू नका. घरच्या मोठ्या माणसाला कळवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते.

तृतीय वर्ष:
मीही मराठी माध्यमातून आलो. संज्ञा पाठ करण्यापेक्षा प्रत्येकीसमोर रोजच्या व्यवहारातले उदाहरण लिहिण्याचा मला फार उपयोग झाला. ऋण प्रबलन आणि शिक्षा यांत अनेकांचा गोंधळ होतो. गाडीत पट्टा लावला की कर्कश आवाज थांबतो आणि म्हणून आपण पट्टा लावू लागतो, हे ऋण प्रबलन होय. त्याने वर्तन वाढते, तर शिक्षेने घटते.

द्वितीय वर्ष कला:
मनःपूर्वक आभार. रेषांच्या नोंदी आज पुन्हा काढून पाहिल्या, तर दोन्ही दिशांच्या सरासरीत खरोखरच फरक आहे. पुढच्या आठवड्यात स्मृतीचा प्रयोग आहे. त्यात पाठ करायला द्यायची निरर्थक पदे मराठीत कशी तयार करावीत?

निवृत्त प्राध्यापिका:
स्मृतीवर प्रयोग करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन व्यंजनांमध्ये एक स्वर अशी रचना वापरली होती. ‘झुभ’, ‘ठेघ’ अशी पदे त्याच पद्धतीने करता येतील. यादी झाली की ती प्रयुक्ताखेरीज दोन-तीन जणांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्याला निरर्थक वाटणारे पद अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याच्या घरात रोज वापरले जात असेल, तर ते यादीतून काढावे लागेल.