छेत्रीची फ्री किक, वुकोमानोविचचं मैदान सोडणं आणि बळी जाणारे कोच: तुमचं काय मत?

अंधेरी_निळा
काल रात्री भाच्याला जुन्या मॅचेस दाखवत बसलो होतो. वय वर्षं बारा, शाळेच्या टीममध्ये गोलकीपर. बेंगळूरू–केरळा ब्लास्टर्स लावली आणि त्याने विचारलं, "मामा, गोल झाला ना? मग सगळे घरी का चाललेत?" मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम. आयएसएल म्हणजे आपल्या फुटबॉल लीगच्या प्लेऑफची नॉकआउट मॅच, हरला तो बाहेर. ९० मिनिटं गोलशून्य. एक्स्ट्रा टाइममध्ये ९६व्या मिनिटाला बेंगळूरूला बॉक्सबाहेर फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचा गोली प्रभसुखन गिल वॉल (चेंडूसमोर खेळाडूंची भिंत) लावण्यात गुंतलेला, तेवढ्यात बेंगळूरूच्या सुनील छेत्रीने चेंडू जाळ्यात टाकला. रेफ्री क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचा कोच इव्हान वुकोमानोविच याने खेळाडूंना हात करून बोलावलं आणि अख्खी टीम आत घेऊन गेला. थोडा वेळ वाट पाहून मॅच बेंगळूरूला दिली. पुढे भारतीय फुटबॉल फेडरेशनने ब्लास्टर्सला ४ कोटी दंड केला, कोचला १० सामन्यांची बंदी आणि ५ लाख.

माझं म्हणणं असं. निर्णय चुकलाही असेल, पण २४ मिनिटं शिल्लक होती. एका गोलने मागे असलेल्या टीमला २४ मिनिटं म्हणजे सोन्याचा भाव! ती वापरणं हे कोचचं काम होतं, त्याने ती फेकून दिली. पण त्याच वेळी हेही म्हणतो की आपल्याकडे रेफ्रींवरचा राग शेवटी कोचच्या मानेवर बसतो. रेफ्रींची व्यवस्था तशीच राहते, कोच मात्र बदलतो. या दोन्हीवर बोला.

कोचीतला_मराठी
दादा, पहिला मुद्दा अजिबात मान्य नाही. सहा वर्षं कोचीत नोकरी करतोय, ती मॅच ऑफिसातल्या पोरांबरोबर पाहिली. गोल झाला तेव्हा कुणी ओरडलंसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, किक परत घ्यायला लावतील.

वापरा म्हणता ती २४ मिनिटं, पण कुणाच्या भरवशावर? व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही. मॅचनंतर क्लबने निषेध नोंदवला, मॅच परत खेळवा म्हणाले, तो फेटाळला गेला. मग त्या माणसाने नेमकं करायचं काय होतं? आदल्या मोसमात याच कोचने ब्लास्टर्सला फायनलपर्यंत नेलं होतं, गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादकडून पेनल्टीवर हरलो. तो माणूस पळपुटा नाही. बंदी भोगून २०२३ च्या ऑक्टोबरात तो कोचीच्या मैदानावर परत आला, त्या रात्री मी स्टँडमध्ये होतो. शेजारचा साठीचा गृहस्थ डोळे पुसत होता. एवढ्या लोकांना जे त्या दिवशी बरोबर वाटलं ते नुसतं आततायीपण म्हणून सोडून देऊ नका.

शाहू_स्टेडियम
कोचीवाले भाऊ, लोक रडले म्हणून चूक बरोबर ठरत न्हाई. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींच्या मॅचेस बघितल्यात का कधी? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियम गच्च भरलेलं असतंय, रेफ्रीचा एक निर्णय इकडं तिकडं झाला की निम्मं गाव पेटतंय. तरी मैदान सोडून गेलेल्या टीमला पेठेत कुणी शाबासकी देत न्हाई. "हरला असता तर चाललं असतं, पण खेळला का न्हाईस" असंच विचारतात. माझ्या वडिलांनी एकदा ते केलं होतं, साल ऐंशीच्या आसपास. त्या मॅचचा विषय घरात निघाला की ते आजही उठून बाहेर जातात.

पब्लिकने तिकिटं काढलेली, खेळाडू आठ महिने घाम गाळलेले, आणि एक माणूस हात हलवून सगळं बंद करतो. १० मॅचची बंदी कमीच झाली म्हणायची.

शिट्टी_आणि_कार्ड
नियमावर कुणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहिते. मी ११ वर्षं जिल्हा पातळीवर रेफ्री आहे.

ज्याने फाऊल केला त्या टीमला वॉल लावायला वेळ मिळण्याचा हक्क नाही. त्यांनी आपणहून ९.१५ मीटर मागं जायचं. समोरच्याला पटकन किक घ्यायची असेल तर तो घेऊ शकतो, शिट्टीची गरज नाही. उलट मुद्दाम आडवं येऊन किक अडवली तर पिवळं कार्ड आहे. पण एकदा मी मध्ये पडले, वॉल मागं सरकवायला लागले किंवा कार्ड काढलं, की मग शिट्टीशिवाय किक नाही. ते सगळ्यांना कळावं म्हणून आम्ही शिट्टी हातात उंच धरून तिच्याकडे बोट दाखवतो.

त्यामुळे कांतीरवावरचा सगळा वाद एवढाच आहे: चेंडू मारला जाण्याआधी ती 'थांबा' अवस्था सुरू झाली होती की नव्हती? छेत्रीने नंतर सांगितलं की मला वॉलही नको, शिट्टीही नको असं त्याने रेफ्रींना सांगितलं होतं आणि ब्लास्टर्सच्या लुनाने ते ऐकलं होतं. ते खरं असेल तर गोल शंभर टक्के नियमात बसतो. माझं मत विचाराल तर रेफ्रीने हो म्हटलं असेल, पण गोलीला ते कळेल असं काही केलं नाही. नियम मोडला नाही, पण मॅच हातात ठेवता आली नाही. नॉकआउटमध्ये मी असते तर सरळ शिट्टीकडे बोट दाखवून दोघांनाही थांबवलं असतं.

आणि "व्हीएआर नव्हता म्हणून" हे इथं लागू होत नाही. व्हीएआर गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड एवढंच बघतो. छेत्री आणि रेफ्री यांच्यात काय बोलणं झालं ते कुठल्या स्क्रीनवर दिसणार?

कोचीतला_मराठी
मॅडम, नियम एवढा स्वच्छ मांडल्याबद्दल आभार. पण तुम्हीच म्हणताय की गोलीला कळेल असं काही केलं नाही. मग त्याची किंमत कुणी मोजली? क्लबने आणि कोचने.

शिट्टी_आणि_कार्ड
रेफ्रीनेही मोजली असणार, फक्त ते कुणी छापत नाही. चार वर्षांपूर्वी एका सेमीफायनलमध्ये मी अशीच पटकन घेतलेली फ्री किक मान्य केली. मॅच संपल्यावर आमच्या खोलीला कुणीतरी बाहेरून कडी घातली. मी आणि दोन लाइन्समन, दीड तास आत. बाहेर आयोजकांची माणसं बोलताना ऐकू येत होती, पण दार कुणी उघडलं नाही. शेवटी मैदानाला पाणी मारणाऱ्या काकांनी कडी काढली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, कारण मला पोट भरायला ती नोकरी आहे, शिट्टी नाही. मोठ्या मॅचमध्ये अचूक निर्णय हवा असेल तर आधी ते लक्षात घ्या.

गोंयकार_फातोर्डा
मैदान सोडायचा विषय बाजूला ठेवतो, कारण आम्हा गोव्याच्या लोकांना राग आवरला नाही की काय होतं ते चांगलंच माहीत आहे. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची फायनल. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने आम्ही चेन्नईवर २–१ पुढे. वडील शेजारी उभे, त्यांनी टोपी हवेत उडवली. ती खाली येईपर्यंत, असंच वाटतं आता, आमचा गोली कट्टीमनीच्या हातून स्वयंगोल आणि मग चेन्नईच्या मेंडोझाचा गोल. ३–२. नंतर जो गोंधळ झाला त्यापायी क्लबला ११ कोटी दंड आणि पुढच्या मोसमातले १५ गुण वजा अशी शिक्षा झाली. अपिलात गुण परत मिळाले आणि दंड कमी झाला, पण डाग राहिला.

मला अंधेरीकरांच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलायचं आहे. रेफ्रींचा राग कोचवर निघतो, हे पटत नाही. मालक कोचला काढतात तेव्हा रेफ्री हा विषयच नसतो. २०१९–२० बघा. गोवा गुणतक्त्यात सगळ्यात वर, लीगचे तीन सामने बाकी, आणि ३१ जानेवारीला आमचा कोच सर्जिओ लोबेराला काढलं. कुठला वादग्रस्त निर्णय होता? काही नाही. आमच्याच क्लिफर्ड मिरांडाने सूत्रं घेतली, तिन्ही सामने जिंकले, जमशेदपूरला ५–० हरवून शील्ड (लीगमध्ये पहिलं येणाऱ्याचा मान) आणली आणि आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आम्ही झालो.

मग प्लेऑफ आले. चेन्नईत १–४. घरी ४–२ जिंकलो, एकूण ५–६. समोर चेन्नईचा कोच ओवेन कॉयल होता. तोही मोसमाच्या मध्येच आलेला, जॉन ग्रेगरीच्या जागी, चेन्नई तळाशी असताना. म्हणजे दोन्हीकडे कोच बदललेला. एका क्लबने बुडत असताना बदलला, एकाने पोहत असताना. मला राग त्या दुसऱ्या प्रकाराचा आहे. आणि लोबेरा? पुढच्या मोसमात मुंबईला गेला आणि सेमीफायनलमध्ये पेनल्टीवर आम्हालाच हरवून शील्ड आणि कप (प्लेऑफची फायनल) दोन्ही घेऊन बसला. अंधेरीकरांना ते आठवत असेलच.

अंधेरी_निळा
आठवतंय, आणि त्या रात्री तुमच्यासाठी वाईटही वाटलं होतं. पण माझा मुद्दा सोडत नाही.

२० डिसेंबर २०२३, अंधेरीचं मैदान, मुंबई–मोहन बागान. मी पूर्वेच्या स्टँडमध्ये होतो. सात लाल कार्डं. आमचे चार, त्यांचे तीन. शेवटी तर मॅच संपल्यावर लोक मैदानाकडे न बघता एकमेकांना विचारत होते, आता कोण गेला? आम्ही २–१ जिंकलो. निलंबित खेळाडूंविना बागान तीन दिवसांनी घरच्या मैदानावर गोव्याकडून १–४ हरलं, मग ब्लास्टर्सकडून ०–१. जानेवारीच्या सुरुवातीला बागानचा कोच हुआन फेरांडो गेला. त्या रात्री मॅच वेळीच आवरली असती तर फेरांडो राहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण राष्ट्रीय संघाचं. ११ जून २०२४, दोहा. छांगटेच्या गोलने आपण कतारविरुद्ध १–० पुढे. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला, त्यांच्या आयमेनने गोल केला आणि कोरियन रेफ्रीने तो दिला. आपला गोली गुरप्रीत तर खेळ थांबला असं समजून होता. आपण १–२ हरलो, वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी गेली. सहा दिवसांत राष्ट्रीय कोच स्टिमाचला काढलं. मॅडम, इथं तर व्हीएआरने नक्की फरक पडला असता. चेंडू बाहेर होता की नाही एवढंच बघायचं होतं.

शिट्टी_आणि_कार्ड
हो, ते मान्य. तो गोल व्हीएआरने रद्दच झाला असता.

शाहू_स्टेडियम
थांबा राव. स्टिमाचला एका गोलाने काढला म्हणता? त्याच वर्षी जानेवारीत आशियाई कप: ऑस्ट्रेलिया ०–२, उझबेकिस्तान ०–३, सीरिया ०–१. तीन मॅच, एक गोल न्हाई. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२. छेत्रीच्या तेव्हाच्या निरोपाच्या मॅचला, कोलकात्याचं अख्खं सॉल्ट लेक स्टेडियम भरलेलं असताना, कुवेतशी ०–०. कुवेतला घरात हरवलं असतं तर दोह्याला जाताना छातीवर एवढं ओझं नसतं. आणि तिसरी फेरी गाठली न्हाई तर मी जातो, हे तो स्वतःच म्हणाला होता. रेफ्रीने त्या दिवशी घोर अन्याय केला, त्या पोरांसाठी माझा जीव तुटला. पण कोचचा हिशेब पाच महिन्यांचा होता, पाच मिनिटांचा न्हाई.

फेरांडोचंही तेच. त्याच्या जागी हबास आला, एप्रिलमध्ये तुमच्याच मुंबईला २–१ हरवून शील्ड घेतली. मग बदल चुकला कसा?

अंधेरी_निळा
हबासचा मुद्दा बिनतोड आहे, तो मागे घेतो. स्टिमाचबद्दलही निम्मं पटलं. कतारच्या गोलने त्याला काढलं नाही, पण त्या गोलने फेडरेशनला सोपी तारीख दिली. सहा दिवस सगळे रेफ्रीबद्दल बोलत होते, नंतर कोचबद्दल बोलू लागले. कुवेतविरुद्ध गोल का होत नाही, मुलं कुठल्या लीगमध्ये किती मिनिटं खेळतात, हे राहूनच गेलं.

गोंयकार_फातोर्डा
हे मात्र खरं. आणि क्लबांचंही बघा. कांतीरवावर ज्या बेंगळूरूला तो गोल मिळाला, तोच क्लब पंधरा दिवसांनी आमच्या फातोर्ड्यात फायनल पेनल्टीवर हरला आणि त्यांचे मालक पार्थ जिंदाल व्हीएआर आणा म्हणून जाहीरपणे सांगू लागले. मागणी योग्यच आहे. पण ती जिंकलेल्या रात्री केली असती तर तिला वजन आलं असतं.

कोचीतला_मराठी
वुकोमानोविचचा शेवटही सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये ओडिशाकडून एक्स्ट्रा टाइममध्ये प्लेऑफ हरलो आणि आठवड्याभरात तो गेला. त्यानंतर स्टाहरे आला, तो डिसेंबरात गेला. इथल्या लोकांना कोचची नावं पाठ व्हायच्या आत नवीन येतो. शाहू भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून गप्प झालो खरं. तरी माझं मत तेच आहे, त्या रात्री आत जाणं चुकलं नाही.

अंधेरीकर, भाच्याला शेवटी काय सांगितलंत?

अंधेरी_निळा
आज संध्याकाळी त्याला मॅडमचा नियम वाचून दाखवला. शिट्टीकडे बोट दाखवायची खूण त्याला फार आवडली, तीनदा करून दाखवली. मग ती क्लिप त्याने मागे नेऊन परत परत पाहिला. छेत्रीकडे नाही, गिलकडे बघत होता. म्हणाला, "मामा, हा गोलमध्ये का नाही उभा?"

कोचीतला_मराठी
त्याला सांगा, तो शिट्टीची वाट बघत होता.