भर बाजारात वावधान सुटलं तेव्हा : तुमचा अनुभव सांगा

मी बांगड्यांचं दुकान लावते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातले पाच आठवडी बाजार माझे ठरलेले. अकरा वर्षांत ऊन, पाऊस, चिखल सगळं अंगावर घेतलं, पण या एप्रिलात भर बाजारात जे वावधान, म्हणजे वादळ, सुटलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. वावरात वादळ आलं तर माणूस एकटा असतो, गोठ्याकडे पळतो. बाजारात हजार-दीड हजार माणूस, डोक्यावर ताडपत्र्या, चहूकडे बल्ल्या आणि दोऱ्या, आणि पळायचं कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हा धागा. तुम्ही अशा गर्दीत सापडला असाल तर लिहा. आधी काय दिसलं, कुठे आडोसा घेतला, तो आडोसा टिकला का. शुद्धलेखनाची काळजी करू नका. सुरुवात मीच करते.

दुपारचे चार वाजले असतील. सकाळपासून वाहणारा गरम वारा एकदम पडला. समोरच्या पिंपळाचं पान हलेना. शेजारचा भजीवाला म्हणाला, "ताई, आभाळ पाय." पश्चिमेला धुळीची लाल भिंत उभी होती आणि तिच्यावर काळंनिळं आभाळ. मला वाटलं, आवरायला दहा मिनिटं तरी आहेत. दोनही मिळाली नाहीत. आधी गार झोत आला, त्या उन्हात अंगावर काटा उभा राहिला. मग धूळ. आणि मग आमच्या रांगेच्या टोकाला मिरचीवाल्या बसतात, त्यांचे ढीग उडाले. वाळलेली मिरची, तिचं बी, तळाचं तिखट, सगळं वाऱ्यात. बाजारभर माणसं डोळे चोळत, खोकत, एकमेकांवर आपटत होती. पोरं आईच्या नावानं ओरडत होती आणि आयांना डोळे उघडता येत नव्हते. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तीन लेकरांचे डोळे धुतले, चौथ्याला पाणी उरलं नाही.

माझी चूकही लिहिते. मी ताडपत्रीची बल्ली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ताडपत्रीत वारा भरला आणि बल्लीसकट मी उचलली गेले. दोरीनं उजव्या तळव्याची साल सोलून नेली. ताडपत्री सोडून द्यायची असते हे मला त्या दिवशी कळलं. काठ्यांवर ओवलेल्या बांगड्या घसरून फुटल्या, सगळीकडे काचच काच. चपला उडालेली पोरं तिकडून पळत येत होती, म्हणून मी तिथेच बसून, डोळे मिटत-उघडत, हातानं काच गोळा करत राहिले.

मग सगळे धावले तसं मीही मच्छीबाजाराच्या टिनाच्या शेडखाली गेले. टिनं धडधडत होती. त्यातलं एक खिळ्यांसकट सुटलं आणि सडकेपलीकडे उभ्या ऑटोवर जाऊन पडलं. ऑटो रिकामा होता. वीस मिनिटांत सगळं थांबलं, ऊनही पडलं. पण त्या टिनाखाली आम्ही दोनशे माणसं होतो.

वरूडकडून, संत्र्याचा बागायतदार

ताई, तुम्हाला धूळ आली, आमच्याकडे गारा. 2014 चा फेब्रुवारी-मार्च विदर्भातला कोणीच शेतकरी विसरणार नाही, त्या वेळचंच सांगतो. मृग बहाराची फळं गाडीत भरून मंडीत आणली होती. गाडीवर ताडपत्री होती म्हणून पहिल्या माऱ्यात वाचली. माणसांनी संत्र्याची रिकामी क्रेटं डोक्यावर उलटी घेतली. मीही घेतलं, आणि ते चांगलं केलं, कारण लिंबाएवढी गार क्रेटवर आपटते तेव्हा कानठळ्या बसतात पण टाळकं फुटत नाही. मंडीतला माल राहिला. घरी गेलो तर बागेत झाडाखाली फळांचा सडा. ज्या फळाला गार लागली त्यावर एवढासा डाग असतो, आठ दिवसांत तिथूनच ते सडतं.

उमरेडकडच्या गावातून

आमचा अनुभव नागपूरचा आहे, चालेल ना ताई? बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही घरचे सातजण बर्डीवर गेलो होतो. मे महिना, शनिवार, सीताबर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नाही. गावात वादळ येतं ते लांबून दिसतं. बर्डीत दोन्ही बाजूंना उंच दुकानं, वर पाट्या, त्यामुळे आभाळ दिसतच नाही. अंधारून आलं तेव्हा आम्हाला वाटलं संध्याकाळ झाली. मग फुटपाथवरच्या चपलावाल्याची मोठी छत्री लोळत आमच्या अंगावर आली आणि तिच्यामागून वादळ.

पहिली गोष्ट, लाईन गेली. दुकानांतले दिवे, सिग्नल, सगळं बंद, आणि लोक आतून बाहेर, बाहेरून आत ढकलाढकली करू लागले. ज्याला आत जाता आलं नाही तो दुकानाच्या पाटीखाली भिंतीला चिकटून उभा. आमचे बाबा ओरडले, "पाटीखाली उभं राहू नका, इकडे या!" मला तेव्हा राग आला, कपड्यांच्या पिशव्या भिजत होत्या. पण समोरच्या माडीवरचा फ्लेक्स फाटून त्याची लोखंडी चौकट एका कडेनं लोंबायला लागली, तेव्हा मला घाटकोपर आठवलं. 13 मे 2024 ला तिथे वादळात 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, तीही वादळातून वाचायला आडोसा शोधणारी, पेट्रोल भरायला थांबलेली साधी माणसं असतील. आम्ही पिशव्या डोक्यावर घेऊन मेट्रो स्टेशनाकडे पळालो. तिथे पक्कं बांधकाम आहे, सगळी बर्डी तिथेच आली होती.

पण आम्ही सहाच होतो. मोठी आई हात सुटून गर्दीत मागे राहिली. तिच्याकडे फोन नाही, आमच्या फोनला रेंज नाही. मोठे बाबा जिन्यावर उभे राहून तिच्या नावानं हाका मारत होते. मी त्यांना त्याआधी कधी तिचं नाव घेताना ऐकलं नव्हतं. पाऊण तासानं सापडली. एका साड्यांच्या दुकानदारानं शटर अर्ध्यावर ओढून तीस-चाळीस माणसं आत घेतली होती. त्यानं बायाबापड्यांना गादीवर बसवलं, ओल्या लुगड्यांनी गादी खराब होईल असं एका शब्दानं म्हटलं नाही. आम्ही बस्ता दुसऱ्या दुकानात बांधला होता, पण नवरीचा शालू त्याच्याकडून घेतला.

बाळापूर तालुका, अकोला जिल्हा

टिनाच्या शेडबद्दल तुम्ही लिहिलं म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यातल्या पारसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 9 एप्रिल 2023, रविवार, संध्याकाळ. मंदिरात भाविक जमले होते, वादळ-पाऊस आला म्हणून माणसं टिनाच्या शेडखाली गेली. शेजारचा जुना, मोठा निंब मुळासकट त्या शेडवर आला. 7 जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्यांनी काय चूक केली? पाऊस आला की छपराखाली जायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. निंब तर आपण सावलीसाठी, हवेसाठी दारात लावतो. त्या दिवसापासून मी कुठेही गेलो की आधी छपराकडे पाहतो आणि मग छपरावर कोणतं झाड वाकलंय ते पाहतो. आमच्या गावच्या बाजारातही शेड आणि निंब असेच जोडीनं उभे आहेत. फांद्या छाटा म्हणून दोन अर्ज दिले. तिसरा देणार आहे.

मोर्शीकडून, गावच्या शाळेत भूगोल शिकवतो

ताईंनी लिहिलेली एक गोष्ट फार मोलाची आहे, वारा पडला आणि मग गार झोत आला. मुलांना सांगतो तसंच सांगतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो, जमीन तापते. त्यात बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आली की ती तापून वर चढते आणि 12-15 किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. ढगाखालची हवा तो ओढून घेतो, म्हणून वारा पडल्यासारखा वाटतो. मग ढगातला पाऊस आणि गारा खाली यायला लागतात, त्यांच्याबरोबर हवा गार होऊन जड होते, दणकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तो तुमचा गार झोत. म्हणजे झोत लागला तेव्हा वादळ दारात आलेलं असतं. पाऊस सुरू झाल्यावर आवरू असं म्हणू नका, झोत लागला की माल सोडून निघा.

विजेचं गणित सोपं आहे. चमक दिसली की मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात किंवा काच बंद केलेल्या चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं. मी वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरच्या फोनवर घ्यायला लावलं आहे. रेंज गेली की मात्र मोजणंच कामाला येतं.

बाजार समितीत हमाल आहे

आमचं दोन ओळींत. हरभऱ्याची हर्रास, म्हणजे लिलाव, चालू होती, ढीग ओट्यावर मोकळे. आम्ही चौदा हमालांनी जेवढं झाकता आलं तेवढं झाकलं, निम्मं भिजलं. वावरात उभं पीक भिजलं असतं तर तलाठ्यानं पंचनामा तरी केला असता. इथे हर्रास व्हायची होती म्हणून माल शेतकऱ्याचाच, आणि ओल म्हणून भाव पडला तोही त्याच्याच डोक्यावर. एक म्हातारे बाबा ओला हरभरा मुठीत घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांना चहा नेऊन दिला, त्यांनी घेतला नाही.

आर्णीकडून

बांगड्यावाल्या ताई, तुम्ही मला ओळखत नसाल. ती मिरची आमची होती. माझी माय तुमच्या रांगेच्या टोकाला बसते. तिला त्या दिवशी माणसं लय बोलली, मिरचीनं डोळे गेले म्हणून. ती घरी येऊन जेवली नाही. दीड क्विंटल मिरची गेली त्याचं नाही, लेकरं रडली त्याचं तिला लागलं. तुमचं हे वाचून दाखवलं तर म्हणते, त्या बाईच्या हाताचं आता कसं आहे ते विचार. आता आम्ही ढीग लावत नाही, कट्टे तोंड बांधून ठेवतो, वर नमुन्याला पाव किलो. आणि आमच्या ताडपत्रीत गुंडाळून हिरव्या बांगड्यांचा एक डबा आला होता, वरचं झाकण गेलं आहे पण आतल्या धड आहेत. पुढच्या बाजारी आणतो.

धागा सुरू करणारी

दादा, माईला सांगा, हात बरा आहे. डबा आणाल तेव्हा त्यातल्या सहा बांगड्या माईच्या मापाच्या काढून ठेवा.

वाशीमकडून

बैलबाजाराचा अनुभव. जूनचा पहिला आठवडा, पेरणी तोंडावर. सावलीला म्हणून जोड्या चिंचेखाली बांधतात, सगळेच. आभाळ भरून आलं तेव्हा माणसं शाळेच्या वऱ्हांड्यात गेली आणि जनावरं तिथेच राहिली. माझे काका विळा घेऊन परत गेले, चार जोड्यांच्या दोऱ्या कापल्या. लोक शिव्या देत होते, बैल पळाले म्हणून. पाचव्या जोडीपर्यंत पोचायच्या आत वीज पडली. काका पंचवीस पावलांवर होते, चिखलात फेकले गेले, कान दोन दिवस बंद होते. ती पाचवी जोडी गेली. ज्याची होती तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा, तो बैलाच्या मानेवर हात ठेवून तिथेच बसला. माणूस वीज पडून गेला तर सरकार घरच्यांना 4 लाख देतं, जनावराचीही मदत मिळते, पंचनामा आणि शवविच्छेदन झालं तर. पण ती पेरणीच्या आत मिळत नाही. त्याला त्या हंगामात काकांनी आपली जोडी वापरायला दिली.

धागा सुरू करणारी

सगळे अनुभव दोनदा वाचले. आता एकच विचारते. तुमच्या बाजाराच्या जागेजवळ, पळत दोन मिनिटांत पोचता येईल असं पक्कं छत कोणतं आहे? माझ्या पाच बाजारांपैकी दोन ठिकाणी आहे, तीन ठिकाणी टिनं आणि झाडं. ज्यांच्याकडे काही सोय झाली असेल त्यांनी कशी झाली ते लिहा.

पवनीकडून, भंडारा जिल्हा

आमच्याकडे बाजाराला लागूनच शाळेची स्लॅबची इमारत आहे. पण बाजार सुटीच्या दिवशी, त्यामुळे फाटकाला कुलूप. दोन वर्षांपूर्वी वादळात शंभर माणसं त्या फाटकाशी उभी होती आणि समोर रिकामा वऱ्हांडा दिसत होता. एका बाईनं आपलं तान्हं बाळ फाटकावरून पलीकडे आधी चढलेल्या पोरांच्या हातात दिलं. ग्रामसभेत मी हेच सांगितलं, दुसरं काही मागितलं नाही. आता बाजाराच्या दिवशी सकाळी शिपाई फाटकाची किल्ली कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवून जातो आणि संध्याकाळी घेऊन जातो. ती लाल नाडीला बांधून दुधाच्या पातेल्यामागच्या खिळ्याला टांगलेली असते. या उन्हाळ्यात दोनदा काढावी लागली.