संगणकीय जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद रत्नागिरीत का नको?

कातळसडा
जनुकं, प्रथिनं यांच्या माहितीचे ढीग संगणकावर उपसायचे, असं हे शास्त्र. त्याची आंतरराष्ट्रीय परिषद महाराष्ट्रात भरवायची म्हटलं की पुणे नाहीतर मुंबई, यापलीकडे नाव निघत नाही. माझं म्हणणं, रत्नागिरीत भरवा.

हापूसचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो चिनी संशोधकांच्या गटाने वाचलेला. झाड आपलं, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन आपल्याला मिळालेलं, आणि गुणसूत्रं वाचली दुसऱ्यांनी. मला हे लागतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किती मुलांनी या विषयातला नावाजलेला माणूस समोर बसून ऐकला असेल? या विषयातली मोठी परिषद, आयएसएमबी, २००६ साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला झाली. तेही समुद्रकाठचंच शहर.

पेठेतला_प्रोग्रामर
साफ असहमत. फोर्तालेझा वीस लाखांहून मोठं शहर, स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेलं. रत्नागिरी २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाची. परदेशी पाहुणा मुंबईत किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार आणि पुन्हा अर्धा दिवस प्रवास करणार. शेकडो माणसं, एकाच वेळी चालणारी चार-पाच सत्रं, पोस्टर लावायला मोठं दालन, हे कुठून आणणार? परिषद व्हिसासाठी आयोजकाला गृह मंत्रालयाची मंजुरी आणावी लागते, तो व्याप वेगळाच.

आणि चीनने जीनोम वाचला तो परिषद भरवून नाही. प्रयोगशाळा होत्या, वर्षानुवर्षं पैसा मिळत होता, माणसं टिकली होती. तीन दिवसांच्या मांडवावर जो खर्च होईल त्यात दोन मुलांना पीएचडीची शिष्यवृत्ती देता येईल. मी तरी तीच देईन.

कलमवाला
मी बागायतदार. परिषदेतलं मला काही कळत नाही, पण एक विचारतो. साक्यावर यातून काही निघणार आहे का? फळ वरून सोन्यासारखं, देठाशी वास घमघमीत. कापलं की कोयीला लागून पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. बाहेरून ओळखता येत नाही. गिऱ्हाईक पेटी परत आणतं तेव्हा त्याला काय सांगायचं?

दापोलीची_मुलगी
काका, साक्याचा संबंध कोय फळातच रुजायला लागते त्याच्याशी आहे, असं संशोधकांनी दाखवलंय. आपल्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. पण त्या काळी संकर केल्यावर झाड फळाला येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं आणि मग फळ कापून बघायचं, एवढाच मार्ग होता. जीनोम हाताशी असेल तर साक्याशी निगडित जनुकीय खुणा शोधता येतात, आणि त्या सापडल्या तर रोपाचं पान तपासूनच कुठलं ठेवायचं हे ठरवता येईल. हे काम संगणकावरच होतं, आणि आम्हाला तेच कोणी शिकवत नाही. माझं एम.एस्सी.चं विश्लेषण मी व्हिडिओ बघून शिकले. अडलं की विचारायला कोणी नव्हतं. म्हणून परिषद इथे हवी. शिष्यवृत्ती दोघांना मिळेल, बाकीच्यांचं काय?

पेठेतला_प्रोग्रामर
ताई, तुमची अडचण अगदी खरी आहे. पण ती परिषदेने सुटत नाही. परिषदेत वीस मिनिटांची भाषणं होतात, शिकवत कोणी नाही. तुम्हाला हवी आहे कार्यशाळा, तीही दरवर्षी.

वेंगुर्ल्याचा_वारा
जर्मनीत डागस्टुल म्हणून ठिकाण आहे, लहानशा गावाजवळचा जुना वाडा. १९९० पासून तिथे संगणकशास्त्राच्या छोट्या बैठका होतात, जीवशास्त्राशी जोडलेल्या विषयांवरही. तीस-चाळीस जण आठवडाभर एकत्र राहतात, जेवतात, वाद घालतात. विमानतळ दाराशी नाही, तरी लोक जातात. हजार माणसांचं सोडा. चाळीस जणांची सोय रत्नागिरीत आजही होईल, वंदे भारत तिथे थांबते. पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आहे, आयसर या विज्ञान संस्थेचा परम ब्रह्म हा महासंगणक आहे. मोठी गणितं तिकडे चालवायची, माणसं इथे बसवायची.

कातळसडा
चाळीस चालतील. पण त्यातले निम्मे कोकणातले विद्यार्थी हवेत, आणि सुरुवातीचे दोन दिवस फक्त शिकवण्याचे. नाहीतर बाहेरचे येऊन समुद्र बघून जातील, आणि आमची मुलं चहा द्यायला उभी राहतील. ते मला अजिबात नको आहे.

कलमवाला
एप्रिलमध्ये ठेवा. तोडणी चालू असते, मी साक्याची फळं कापून दाखवतो. पानं हवीत तर पानं घेऊन जा.

पेठेतला_प्रोग्रामर
काका, पानं द्या, पण इथल्या मुलांना. परदेशी संशोधकाला आपल्याकडचे नमुने घ्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी आधी लागते. आणि चाळीस जणांच्या बैठकीला माझा विरोध नाही. फक्त खर्चाचा आराखडा आधी मांडा, त्यात पुढच्या वर्षीची कार्यशाळा धरलेली असू दे. ती नसेल तर मी विरोधातच आहे.

दापोलीची_मुलगी
एप्रिलमध्ये आमच्या परीक्षा जवळ असतात. कलमवाले काका, तुमच्याकडे मार्चच्या शेवटी फळ उतरतं का?