गोल्फचा हातमोजा: डाव्या हाताला की उजव्या?

प्रश्न: गोल्फ शिकायला लागून तीनच आठवडे झालेत. मी उजव्या हाताने खेळतो, म्हणून उजव्या हाताचा मोजा घेतला, तर सर हसले! शिवाय तळहाताच्या टाचेपाशी, म्हणजे मनगटाजवळ, तो आत्ताच विरलाय. मोजा वाईट की मी?

उत्तर १: हसू द्या, मीही तेच केलं होतं. उजव्यांचा मोजा डाव्या हातात. काठी दोन्ही हातांनी धरताना वर तोच हात असतो. टाचेपाशी झिजतोय म्हणजे काठीचा दांडा तळहातात धरताय आणि फटक्यात तो घसरतोय. बोटांच्या मुळाशी धरून बघा. नवा मोजा घट्टच घ्या, कातडं सैलावतं. बंद करायची वेल्क्रोची पट्टी पार टोकापर्यंत पोचत असेल तर मोजा मोठा आहे. बोटांच्या टोकाला चुण्या नकोत. बोटं आखूड, पंजा रुंद असेल तर 'कॅडेट' माप मागा.

उत्तर २: सरावाला सिंथेटिक पुरे. कॅब्रेटा, म्हणजे मेंढीचं पातळ कातडं, हाताला झकास लागतं पण लवकर फाटतं. घामेजलेला मोजा बोळा करून बॅगेत कोंबू नका, वाळला की पापड होतो. पटिंगला, म्हणजे खळग्याजवळ चेंडू हलकेच ढकलताना, मी मोजा काढून ठेवतो.

प्रश्नकर्ता: दांडा तळहातातच धरत होतो! आता उजव्या मोज्याचं काय करू?

उत्तर १: डावखुरा मित्र शोधा.